गुंठा घेण्याआधी



"कामशेतकडे गुंठा स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" असा प्रश्न हल्ली घराघरांत निघतो. नवऱ्याचा फंड आणि बाईचे डोरले मोडून आपण पहिले घर घेतो. तो पैसा बुडाला तर पुन्हा जमत नाही. म्हणून हे दोन शब्द.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते आणि मावळातून खाली पिंपरी-चिंचवडकडे येते. तिच्या काठी चिखली येथे १७ मे २०२५ रोजी महापालिकेने ३६ बंगले पाडले. ते निळ्या पूररेषेच्या आत होते. लोकांनी प्लॉट विकत घेतले होते, पण न्यायालयातही त्यांचा टिकाव लागला नाही. खरेदीखत म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, हे यातून शिकावे.

तेव्हा विसार देण्याआधी एवढे कराच.

सातबारा स्वतः काढा. एजंटाच्या झेरॉक्सवर जाऊ नका. बँकेचा वा सोसायटीचा बोजा 'इतर हक्क' या रकान्यात दिसतो.

सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर थांबा. १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द झाली. त्या जमिनी परत मिळाल्या, पण सरकारी परवानगीशिवाय विकायच्या नाहीत या अटीवर. अशी जमीन नुसत्या स्टॅम्पपेपरवर घेतली तर आपला पैसा अडकतो आणि वतनदाराचे वारसही, म्हणजे आपलीच माणसे, कोर्टकचेरीत ओढली जातात.

एका सातबारावर दहा-बारा अनोळखी नावांबरोबर आपले नाव लागणार असेल, तर आपला गुंठा नेमका कोणता हे कागदावर कुठेच नसते. उद्या वाटणीला सगळ्यांची संमती लागते.

बांधकामाचा मंजूर नकाशा मागा. लोणावळा-तळेगावात नगरपरिषदेचा, खेड्यांत पीएमआरडीएचा. फ्लॅट असेल तर महारेराचा नंबर तपासा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

आणि जागा उन्हाळ्यात पाहिली असेल तर आषाढात पुन्हा पाहा. मावळचा पाऊस एजंटासारखा गोड बोलत नाही. पाणी कुठवर चढते ते शेजारच्या म्हातारीला विचारा.

शेवटी एक. राहते घर एकट्या बाईच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. डोरले तिचे मोडले, मग कागदावर नावही तिचेच असू द्या.

जयभीम.