खाऱ्या पाण्यात राहिलेली बोट घेताना

जुनी वस्तू विकत घेण्यात कमीपणा काही नाही. आपल्या घरांतून शिलाई मशीन, सायकल, कूलर, ऑटो, ट्रॅक्टर अशा कितीतरी वस्तू दुसऱ्या हाताने आल्या आणि त्यांच्यावर मुलांची शिक्षणे झाली. फक्त जुनी वस्तू घेताना ती आधी कुठे होती, कशी वापरली गेली, हे विचारावे लागते. या महिन्यात आम्ही जी वस्तू घेऊन आलो आहोत, ती मात्र अमरावती-अकोल्याच्या बाजारात सहसा दिसत नाही. ती आहे बोट.

निमित्त असे की आमच्या नात्यातील दोन तरुण, एक अमरावतीचा आणि एक अकोल्याचा, मिळून धंदा करू पाहत आहेत. कोकण किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी एक जुनी पाँटून बोट विकाऊ आहे. ती इकडे आणायची, रीतसर परवानगी घेऊन एखाद्या जलाशयावर कुटुंबांना फिरवायचे, असा त्यांचा विचार. वडाळी तलावावर आणि चिखलदऱ्याच्या शक्कर तलावावर लोक हौसेने बोटीत बसतात, हे त्यांनी पाहिले आहे. एकाने नोकरीतून साठवलेले पैसे लावायचे ठरवले आहे. दुसऱ्याच्या अम्मीने आपले दागिने काढून दिले आहेत. "मामू, फोटोत तर एकदम नवी दिसते," असे भाच्याने सांगितले. आम्ही म्हणालो, "बेटा, फोटोत पाण्यावरचा भाग दिसतो. आपल्याला पाण्याखालचा पाहायचा आहे."

पाँटून बोट म्हणजे काय ते आधी पाहू. कुंभमेळ्यात प्रयागला गंगेवर पिप्यांचे पूल टाकतात, त्यांची चित्रे सर्वांनी पाहिली असतील. पोकळ, बंद पिपे पाण्यावर तरंगतात आणि त्यांच्यावर फळ्यांचा रस्ता असतो. पाँटून बोटीची रचना तशीच. खाली अल्युमिनियमचे दोन किंवा तीन लांब बंद नळे, वर सपाट तक्तपोशी, तिच्यावर बाके, कठडा आणि छत. बोट डुलत कमी, जागा भरपूर, म्हणून बायका-मुले व म्हातारी माणसे तिच्यात सुखाने बसतात. बोटीचा सगळा भार त्या नळ्यांवर. नळे धड तर बोट धड.

आता खाऱ्या पाण्याचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे स्वयंपाकघरातले दोन मोठे चमचे मीठ. अल्युमिनियमवर हवेमुळे आपोआप एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. म्हणून घरातले अल्युमिनियमचे पातेले लोखंडासारखे गंजत नाही. पण मिठातला क्लोराइड हा थर जागोजागी फोडतो. तिथे बारीक खड्डा पडतो. खड्ड्याचे तोंड टाचणीच्या टोकाएवढे, पण आत तो खोल खोल जात राहतो. वरून रंगाचा हात फिरवला की काहीच दिसत नाही.

हे समजायला आपल्याला समुद्रावर जाण्याची गरज नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरकडची आपली माणसे खारपाणपट्ट्यात राहतात. पूर्णा नदीच्या या खोऱ्यात विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारे. समुद्राइतके नव्हे, तरीही त्या पाण्यावर चाललेल्या पत्र्याच्या कूलरची टाकी दोन-चार उन्हाळ्यांत काय होते, ते कोणाला सांगायला हवे? गवताच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो आणि टाकीच्या बुडाला भोके पडतात. मग जुना कूलर विकणारा टाकीला आतून जाड रंग लावून आणतो. पण आपल्या घरातल्या खाला, चाची, फुफी फसत नाहीत. त्या आधी ताटी बाजूला करतात, टाकीच्या कोपऱ्यात बोट दाबतात, नखाने रंगाचा पोपडा काढून पाहतात. बोट घेताना नेमके हेच करायचे आहे.

पहिला प्रश्न मालकाला विचारावा: रात्री बोट कुठे राहत होती? रोज काम झाल्यावर बाहेर काढून गोड्या पाण्याने धुतलेली बोट आणि महिनोन् महिने खाडीत बांधून ठेवलेली बोट, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीची किंमत पहिलीच्या बरोबरीने लावू नये.

दुसरे, बोट पाण्याबाहेर काढलेली असतानाच पाहावी. पावसाळ्यात समुद्रावरची जलक्रीडा बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर घेतल्या जातात. पाहायला जाण्याची ती चांगली वेळ. नळ्यांच्या खालच्या बाजूने हात फिरवावा. पांढरी भुकटी, फुगलेला रंग, बारीक खड्डे, खवले चिकटून खरवडून काढल्याच्या खुणा, यांची नोंद घ्यावी. जोडाच्या रेषा, म्हणजे वेल्डिंग, विशेष लक्षाने पाहावी. जिथे स्टीलचे बोल्ट अल्युमिनियमला लागलेले आहेत, तिथे खारे पाणी दोन धातूंमध्ये बॅटरीसारखे काम करते आणि झीज अल्युमिनियमच्या वाट्याला येते. नवा रंग दिसला तर तो का लावला, हे विचारावे. रंगात तांबे आहे का, हेही विचारावे. शेवाळ धरू नये म्हणून काही रंगांत तांबे घालतात आणि असा रंग उघड्या अल्युमिनियमवर लागला तर तोच धातू खातो.

तिसरे, नळ्यांत पाणी शिरते का ते पाहावे. बोट दिवसभर पाण्यावर उभी ठेवावी. एक बाजू खाली गेली तर समजावे. बाहेर काढल्यावर नळ्यांच्या बुचातून पाणी निघते का तेही पाहावे. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तशी नळ्यांची तपासणीही करता येते: आत अगदी कमी दाबाची हवा आणि बाहेरून साबणाचे पाणी. हे जाणकाराच्या हातूनच करावे, कारण जास्त हवा भरली तर चांगला नळाही फाटतो. चांगल्या बोटीत प्रत्येक नळ्याच्या आत आडव्या भिंती घालून वेगवेगळे कप्पे केलेले असतात, म्हणजे एक कप्पा फुटला तरी बाकीचे तरंगते ठेवतात. या बोटीत तसे आहे का, हे विचारून घ्यावे. दुरुस्तीला अल्युमिनियमचे आर्गॉन वेल्डिंग लागते, आणि ते गावातल्या प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानात होत नाही. तो खर्च आधी विचारून ठेवावा.

चौथे, इंजिन. बोटीच्या मागे लावलेले इंजिन बाहेरचेच पाणी ओढून थंड होते. समुद्रात चाललेल्या इंजिनाच्या आतल्या बारीक वाटांत मीठ साचते. प्रत्येक फेरीनंतर गोडे पाणी फिरवले असेल तर ठीक, नाहीतर इंजिन तापत जाते. इंजिन सुरू करून थंडाव्याच्या पाण्याची धार बाहेर जोरात पडते का, ते पाहावे. गिअरचे तेल काढून पाहावे. दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी गेले आहे. वायरीचे टोक सोलून पाहावे. तांबे हिरवे किंवा काळे पडले असेल तर सगळी वायरिंग बदलण्याचे पैसे धरावेत. तक्तपोशीखालचे प्लायवुड टाचेने दाबत चालावे. ज्या ट्रेलरवरून बोट समुद्रात उतरवत होते, त्याचे ब्रेक आणि पाटे बोटीच्याही आधी गंजतात. कोकणातून वऱ्हाडापर्यंत ती घाट चढून येणार आहे, हे विसरू नये.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बोटीच्या धातूचे रक्षण व्हावे म्हणून तिला दुसऱ्या धातूचा एक तुकडा जोडतात. त्याला अ‍ॅनोड म्हणतात. पाणी बोटीला खाण्याऐवजी आधी त्याला खाते. समुद्रात तो बहुधा जस्ताचा असतो. पण गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करीनासे होते; तिथे मॅग्नेशियमचा तुकडा लागतो. म्हणजे समुद्रातली बोट धरणात आणली आणि अ‍ॅनोड बदलला नाही, तर तिचा पहारेकरी झोपलेला. पाहणीत जुना तुकडा पूर्ण झिजून गेलेला दिसला तर त्यानंतर झीज बोटीचीच झाली, हेही ओळखावे.

बोट घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे ती आतून-बाहेरून धुणे. इथे वऱ्हाडातल्या माणसाने एक काळजी घ्यावी. खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने ती धुऊ नये. समुद्राचे मीठ काढून पूर्णेचे मीठ लावल्यासारखे होईल. नळाचे गोडे पाणी वापरावे.

आता कागदपत्रे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. इंजिनाच्या बोटीला नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र लागते. आधीच्या मालकाची कागदपत्रे आपल्या नावावर होणार का, बोटीवर कर्ज तर नाही ना, हे बयाणा देण्याआधी पाहावे. जलाशयाची परवानगी वेगळी. महानच्या काटेपूर्णा धरणातून अकोला शहर पाणी पिते, मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून अमरावती. काटेपूर्णेला तर अभयारण्यही आहे. अशा पाण्यात पेट्रोल-तेल सांडणारे जुने इंजिन चालवू द्यावे, असे आपल्यापैकी कोणाला वाटेल? परवानगीचा लेखी कागद हातात येईपर्यंत बोट खरेदी करू नये, असे आम्ही दोघा भाच्यांना स्पष्ट सांगितले आहे.

हे सगळे पैसे वाचवण्यासाठी आहे, पण केवळ त्यासाठी नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यात, वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ माणसे गेली. ती नाव वेगळी, तिची गोष्ट वेगळी. पण पाण्यावर माणसे नेण्याची जबाबदारी किती मोठी आहे, हे त्या दिवसाने दाखवले. तिकीट घेऊन बसणारी आई बोटीचा तळ तपासत नाही. ती आपल्यावर विश्वास ठेवून मूल मांडीवर घेऊन बसते. तो विश्वास अमानत आहे. म्हणून प्रत्येक माणसाला लाइफ जॅकेट हवे, ठरलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस जास्त नको, आणि दरवर्षी बोट बाहेर काढून नळे तपासायलाच हवेत.

राहिली सौद्याची गोष्ट. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला भाग पैगंबर साहेबांनी बाहेर काढला, ही हकीकत आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. ओले धान्य विकायला मनाई नव्हती. ते वर, लोकांच्या नजरेसमोर ठेवायला हवे होते. फिकहमध्ये खरेदीनंतर लपवलेला ऐब उघडकीला आला तर खरेदीदाराला वस्तू परत करण्याचा हक्क दिला आहे. म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारावे: बोट किती वर्षे खाऱ्या पाण्यात होती, कुठे वेल्डिंग झाले, इंजिन कधी उघडले? उत्तरे कागदावर घ्यावीत आणि त्याखाली सही घ्यावी. जो माणूस बोट उलटी करून दाखवायला तयार नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. उलट जो स्वतःहून खड्डे दाखवतो, त्याच्याशी भाव करताना हात आखडू नये. त्याच्या खरेपणाचीही किंमत असते.

हिशोब सोपा ठेवावा. मागितलेली किंमत, वेल्डिंग, अ‍ॅनोड, वायरिंग, इंजिनाची दुरुस्ती, वाहतूक, नोंदणी, विमा, हे सगळे एका कागदावर मांडावे. बेरीज नव्या बोटीच्या जवळ गेली तर सौदा सोडावा. नळ्यांना जागोजागी खोल खड्डे असतील तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडावा. अम्मीचे दागिने पुन्हा कपाटात ठेवता येतात.

आणि बोट घेतलीच, तर हे सर्व कागद जपून ठेवावेत. पाच-सात वर्षांनी ती विकायची वेळ येईल. तोवर ती गोड्या पाण्यातली बोट म्हणून ओळखली जात असेल. तेव्हा घेणाऱ्याने विचारले नाही तरी, ती आधी समुद्रात होती, हे आपणच सांगायचे आहे.