आवाज आपला, तबकडी कुणाची?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा विषय निघाला की आपण ब्लॅक पँथर आणि १९७२ची दलित पँथर एवढ्यावर थांबतो. त्यांच्या गाण्यांच्या तबकड्यांचा इतिहास आपण वाचत नाही. खानदेशातल्या आपल्या गायन पार्ट्यांसाठी तो फार कामाचा आहे.

१९२० साली मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही तबकडी प्रचंड खपली. हा समाजही पदरमोड करून आपलं गाणं विकत घेतो, हे कंपन्यांना तेव्हा कळलं. मग 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने त्यांची वेगळी यादी निघू लागली. म्हणजे गाण्यांनाही गावकुसाबाहेरची वस्ती. यातली पॅरामाउंट ही मोठी कंपनी विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्यांच्या कारखान्याची होती. तिने १९२७मध्ये मीड लक्स लुईस या पियानोवादकाची रेल्वेच्या धडधडीवर बांधलेली धून मुद्रित केली. १९३५मध्ये एका चाहत्याने त्याला शोधून काढलं, तेव्हा तो शिकागोत मोटारी धूत होता. तबकडी टिकली, वादक मात्र उपेक्षेत राहिला.

यावर उपाय शोधणारेही त्याच समाजात होते. १९२१ साली हॅरी पेस यांनी 'ब्लॅक स्वान' ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची रेकॉर्ड कंपनी काढली. तिच्या संचालक मंडळावर डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस होते. बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं ते याच ड्युबॉइस यांना. भांडवलाअभावी कंपनी काही वर्षांतच बुडाली. तरी आवाजाची मालकी हा राजकीय प्रश्न आहे, हे तिने दाखवून दिलं.

हे संगीत आपल्या मुंबईतही आलं होतं. १९३०च्या दशकात टेडी वेदरफोर्ड हा कृष्णवर्णीय जॅझ पियानोवादक ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. पुढे कलकत्त्यात त्याच्या तबकड्या निघाल्या, त्या आजही ऐकता येतात. त्याच दशकात भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव फिरत होता. कर्डकांनी पुस्तक लिहून ठेवलं म्हणून तो आपण वाचतो. ऐकायचा कुठे?

आता खानदेशाकडे या. दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगला, लांडोर बंगल्यावर, बाबासाहेबांच्या १९३७च्या भेटीच्या स्मरणार्थ हजारो लोक जमतात. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या वस्त्यांत गायन पार्टीतली जुनी माणसं अजून आहेत. कुणाकडे वह्या आहेत, कुणाकडे बुरशी चढलेल्या कॅसेट. अहिराणीतली गाणी तर बहुतेक तोंडपाठच आहेत. माणूस गेला की गाणं गेलं.

"यूट्यूबवर सगळं आहे," असं काही मित्र म्हणतात. तिथे आहे काय ते नीट पाहा. गायकाचं नाव असतं, कवीचं बहुधा नसतं. हार्मोनियम आणि ढोलकी कुणाची, हे कुणी विचारतही नाही. वामनदादा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत. ते कडवं गाळलं की कवीच गायब. आणि जाहिरातीचा पैसा चॅनेलवाल्याला जातो.

जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर आपण किती खर्च करतो, हे प्रत्येक मंडळाला माहीत आहे. त्यातला थोडा हिस्सा काढून एक बरा मायक्रोफोन घ्या. तालुक्यातल्या ज्येष्ठ गायकांकडे जा. गाणं मुद्रित करताना कवी, गायक, वादक, गाव आणि साल लिहून घ्या. मानधन द्या. हक्क कुणाचा राहील, ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. एक प्रत गायकाच्या घरी, एक विहारात आणि एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवा.

यासाठी कंपनी लागत नाही, पदवी लागत नाही. येत्या ३१ जुलैला लळिंगला जाल, तेव्हा घोषणा द्याच. पण सोबत वही आणि मायक्रोफोनही न्या.

जय भीम!