पडद्यावरचा रस्ता, रस्त्यावरचे भय

भाचा अठरा वर्षांचा झाला आणि रीतीप्रमाणे गाडी शिकायला जाऊ लागला. आमच्या वेळी मोटार ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे दोन्हीकडे क्लच-ब्रेक बसवलेली जुनी गाडी आणि शेजारी बसून 'क्लच सोड, हळू सोड' असे ओरडणारे मास्तर. भाच्याच्या शाळेत पहिले काही दिवस गाडीच नव्हती. होती एक खुर्ची, समोर स्टीअरिंग, पायाशी तीन पेडल आणि पुढ्यात रस्ता दाखवणारा मोठा पडदा. हाच तो सिम्युलेटर. कुतूहल म्हणून एकदा मीही त्याच्याबरोबर गेलो. स्वारी ऐटीत ऐंशीच्या वेगाने चालली होती. एवढ्यात पडद्यावर एक म्हातारी रस्ता ओलांडू लागली. ब्रेक उशिरा लागला. भाचा हसला आणि म्हणाला, "थांब मामा, पुन्हा सुरू करतो." एक बटण दाबले आणि म्हातारी पुन्हा फुटपाथवर सुखरूप उभी!

दोन आठवड्यांनी तोच मुलगा खऱ्या रस्त्यावर आला, तेव्हा गाडी वीसच्या पुढे नेण्याचे त्याला धाडस होईना. मागची रिक्षा हॉर्न वाजवत होती आणि याचे तळहात घामाने ओले झाले होते. घरी आल्यावर म्हणाला, "मामा, तिथे तर सगळं जमत होतं."

ही एका घरातली गोष्ट असली, तरी प्रश्न आता घरापुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैपासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. अशा केंद्रात सिम्युलेटर आणि चाचणीसाठी स्वतंत्र ट्रॅक असणे बंधनकारक आहे. हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांचा, एकूण २९ तासांचा. त्यातले ८ तास वर्गातले आणि २१ तास प्रात्यक्षिकाचे. तो यशस्वीपणे पुरा करणाऱ्याला परवान्यासाठी आर.टी.ओ.तील वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागत नाही. हेतू चांगला आहे. पण मग पडद्यासमोर शिकलेले रस्त्यावर कितपत उतरते, हे तपासून पाहायलाच हवे.

सिम्युलेटरची थोरवी विमानाने सिद्ध केली. अमेरिकेतल्या एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांचे भाते वापरून लिंक यांनी १९२९ च्या सुमारास जमिनीवरच डोलणारे, कलणारे खोटे विमान तयार केले. सुरुवातीला त्याकडे जत्रेतला खेळ म्हणूनच पाहिले गेले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम आले. खराब हवामानात अनेकांचे बळी गेले, तेव्हा लष्कराने लिंक यांची यंत्रे विकत घेतली. आज वैमानिक नव्या जातीच्या विमानाचे बरेचसे शिक्षण सिम्युलेटरमध्येच घेतात.

मग मोटारीलाच काय अडचण? अडचण अशी की, आकाशात वाहतुकीवर नियंत्रण कक्षाची नजर असते आणि इंजिन बंद पडले तर काय करायचे, याची पायरी-पायरीने ठरलेली कृती असते. ती शंभर वेळा घोकता येते. रस्त्यावरचे संकट मात्र बहुधा माणसाच्या रूपाने येते. उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार, बसच्या पुढून धावत सुटलेले पोर, मध्येच थांबलेला टेम्पो, यांची घोकंपट्टी कशी करणार?

यावर परदेशात बरेच संशोधन झाले आहे. स्वीडनमधील १९९८ च्या एका अभ्यासात त्याच माणसांना खऱ्या बोगद्यातून आणि पडद्यावरच्या तशाच बोगद्यातून गाडी चालवायला लावली. वेग आणि भिंतीपासूनचे अंतर बदलण्याची तऱ्हा दोन्हीकडे बरीचशी सारखी निघाली, पण प्रत्यक्ष वेग मात्र पडद्यावर जास्त होता. ऑस्ट्रेलियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमके उलटे दिसले. तिथे लोकांनी खरी गाडी अधिक वेगाने हाकली. मात्र रस्त्यावर आडव्या खडबडीत पट्ट्या आल्या की दोन्हीकडे वेग कमी होई. म्हणजे सिम्युलेटर कल सांगतो, माप सांगत नाही. 'या वळणावर लोक वेग कमी करतील' हे त्याचे म्हणणे मानावे. 'ताशी अमुक किलोमीटरने करतील' हे मानू नये.

याचे एक कारण शरीरात आहे. ब्रेक मारताना आपण पुढे ढकलले जातो, त्यावरून पाय किती दाबायचा ते कळते. साध्या सिम्युलेटरमध्ये हा धक्काच नसतो, म्हणून तिथे ब्रेक एकदम जोरात मारला जातो. डोळे म्हणतात गाडी चालली आहे आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते आपण बसून आहोत. या भांडणातून काहींना मळमळ सुटते, वयस्कांना अधिक.

दुसरे कारण मनात आहे. पडद्यावर कोणी मरत नाही.

पण म्हणून हे यंत्र टाकाऊ ठरत नाही. उलट, कोणी मरत नाही हाच त्याचा मोठा गुण. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी परवानाधारक चालकांना सिम्युलेटरवर बसवून मोबाइलचा परिणाम मोजला. अचानक पादचारी आडवा आला, तेव्हा साध्या बोलण्यानेही प्रतिसादाला लागणारा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढला होता. गुंतागुंतीचा मेसेज टाइप करताना ही वाढ सुमारे २०४ टक्क्यांवर गेली, म्हणजे वेळ तिपटीहून जास्त. हा प्रयोग खऱ्या रस्त्यावर कोण करू धजेल?

नजर घडवण्याचे कामही पडदा करू शकतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात नवशिक्या चालकांना संगणकावर धोका कुठे दडलेला असतो हे शिकवले आणि मग खऱ्या रस्त्यावर त्यांची नजर कुठे जाते ते नोंदवले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शिकलेल्यांची नजर सुमारे ६४ टक्के वेळा योग्य जागी गेली, न शिकलेल्यांची ३७ टक्के वेळा.

धोका आहे तो फाजील आत्मविश्वासाचा. नॉर्वेने १९७९ मध्ये नवशिक्यांना घसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. ते सिम्युलेटरवरचे नव्हते, खऱ्या गाडीतले होते. तरी तरुण मुलांचे घसरड्या रस्त्यांवरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले. 'मला जमते' ही भावना कौशल्याच्या पुढे धावली. खऱ्या गाडीत शिकून ही गत, तर बटण दाबताच म्हातारी उठून उभी राहते त्या पडद्यासमोर शिकून काय होईल?

आपल्या देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दर तासाला एकोणीस. सरकारी अहवालानुसार त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले. आता, वेग आवरता न येणे हा हाताच्या कौशल्याचा दोष नाही. ब्रेक कुठे आहे हे त्या प्रत्येकाला ठाऊक होते. दोष वृत्तीचा आहे आणि सिम्युलेटरसमोर मास्तर बसलेले असताना माणसाची वृत्ती दिसत नाही. ती दिसते रात्री अकरा वाजता, रिकाम्या महामार्गावर, मागच्या सीटवर मित्र बसलेले असताना.

तेव्हा सरकारने आणि शाळांनी सिम्युलेटर जरूर वापरावा, पण रस्त्याची पूर्वतयारी म्हणून. रस्त्याच्या बदल्यात नव्हे. प्रात्यक्षिकाच्या २१ तासांपैकी खऱ्या रहदारीत किती गेले, रात्री किती, घाटात किती, हे पालकांनी शाळेला निःसंकोच विचारावे. चाचणीची माफी देणाऱ्या केंद्रांतून बाहेर पडलेल्या चालकांचे पुढच्या दोन-तीन वर्षांत किती अपघात झाले, याची नोंद सरकारने ठेवावी आणि ती जाहीर करावी. सूट देण्याचा निर्णय बरोबर होता की नाही, हे त्यावरूनच कळेल.

भाच्याला परवाना मिळाला आहे. किल्ली त्याच्या हाती देताना त्याच्या आईने एकच अट घातली आहे: पहिले सहा महिने शेजारी घरातले कोणीतरी मोठे माणूस बसेल. त्याला ती अट जाचक वाटते. मला मात्र त्या ओल्या तळहातांची आठवण होते आणि वाटते, ते इतक्या लवकर कोरडे होऊ नयेत.