घोडीच्या नावातून उघडलेलं दार

‘पायरसीच ती, नाव तेवढं गोंडस दिलंय.’ गेम कन्सोलवर होमब्रू चालवणाऱ्यांबद्दल, म्हणजे कंपनीच्या परवान्याशिवाय हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेले प्रोग्राम वापरणाऱ्यांबद्दल, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा समाचार घ्यायलाच हवा.

निंटेंडोच्या वी या कन्सोलचंच उदाहरण घ्या. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ या झेल्डा मालिकेतल्या गेममध्ये नायकाच्या एपोना या घोडीचं नाव खेळणाऱ्याला बदलता येतं. खेळाची प्रगती साठवणाऱ्या सेव्ह फाइलमधलं ते नाव मेमरीत उतरवून घेताना गेम त्याची लांबी तपासत नव्हता. २००८ च्या फेब्रुवारीत टीम ट्वीझर्स या गटाने नेमकी हीच फट धरली. त्यांच्या सेव्ह फाइलमध्ये घोडीचं नाव भलतंच लांब होतं. राखलेल्या जागेत न मावलेला भाग शेजारच्या मेमरीत सांडायचा आणि ‘हे काम उरकलं की पुढे कुठे जायचं’ हा प्रोसेसरसाठीचा पत्ता पुसून तिथे नवा पत्ता बसायचा. फाइल एसडी कार्डावरून कन्सोलमध्ये घ्यायची, गेम सुरू करायचा, समोर उभ्या माणसाशी बोलायला जायचं. की गेम बाजूला पडून कार्डावरचा प्रोग्राम सुरू. ना स्क्रू काढायचा, ना सोल्डर मारायचं.

चोरीच्या आक्षेपात तथ्यच नाही, असं मी म्हणणार नाही. कन्सोल मोकळा झाला की चोरीचे गेमही चालतात, आणि वीवर ते सर्रास चालले. पण दार उघडणाऱ्यांची वागणूक बघा. चोरीच्या गेमना त्यांनी उघड विरोध केला. त्याच वर्षी त्यांनी असे प्रोग्राम वीच्या मेनूतूनच सुरू करून देणारं होमब्रू चॅनेल काढलं. त्याचा इन्स्टॉलर सुरुवातीलाच बजावतो की यासाठी पैसे मोजले असतील, तर तुम्हाला फसवलं गेलंय. वीच्या ड्राइव्हमधून डीव्हीडीवरचे चित्रपट बघता येतील, ही सोय कंपनीने दिली नव्हती. ती होमब्रूने दिली. यात कोणाचं काय चोरलं? तरी कंपनीच्या २००८ च्या जूनमधल्या अपडेटने ती सेव्ह फाइल हुडकून पुसायला सुरुवात केली, लोकांच्या स्वतःच्या कन्सोलमधून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मग म्हणतात, कंपनीने कन्सोल विकलाच मुळी अटींवर. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायला मालकाला विचारावं लागतं, हे मान्य. पण वी भाड्याने आणलेला नव्हता, दाम मोजून विकत घेतलेला होता. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५ अ कॉपीराइट राखण्यासाठी घातलेलं तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. स्वतःच्या यंत्रावर स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवणाऱ्याचा असा हेतू कुठून काढणार?

आणि मला सगळ्यात जास्त कळकळ वाटते ती जुन्या गेमांची. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत. वीवेअरचे गेम फक्त कंपनीच्या ऑनलाइन दुकानात विकले जात, आणि ते दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झालं. ज्यांनी तिथे पैसे मोजले, त्यांचे गेम कन्सोलच्या ५१२ मेगाबाइटच्या मेमरीत किंवा एसडी कार्डावर आहेत. कंपनीच्या मेनूतून कार्डावर घेतलेली प्रत फक्त त्याच कन्सोलवर उघडते. तो बिघडला की ती प्रत असून नसल्यासारखी. टीम ट्वीझर्सचंच बूटमी हे साधन मात्र अख्ख्या मेमरीची प्रत त्या कन्सोलच्या डिजिटल किल्ल्यांसकट काढून देतं. ती प्रत घरच्या संगणकावर डॉल्फिन या एम्युलेटरमध्ये, म्हणजे वीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, घेता येते, आणि कन्सोल मेला तरी त्यातला गेम सुरू होतो.