गाल लाल? मग कॅम्पला ब्रेक!

ऑफिसात ब्लड डोनेशन कॅम्प आहे, सही! पण घरी पोराचे गाल थप्पड खाल्ल्यासारखे लाल झालेत? मग थांबा. तो पार्वोव्हायरस बी-१९ असू शकतो. (कुत्र्यांचा पार्वो वेगळा, टॉमीला दोष नको!) गाल रंगेपर्यंत त्यानं तो तुम्हाला दिलेलाही असतो, आणि मोठ्यांना बरेचदा पत्ताच लागत नाही. आपल्याकडे दान केलेल्या रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, सिफिलिस, मलेरिया तपासणं सक्तीचं, हा नाही. ते रक्त गर्भवतीला चढलं तर? पहिल्या २० आठवड्यांत लागण झाली, तर क्वचित पोटातल्या बाळाचं रक्तच बनेनासं होतं. तेव्हा कॅम्पातल्या डॉक्टरांना गालांचं सांगा. शेजारच्या डेस्कवरच्या प्रेग्नंट मैत्रिणीला तर आधी सांगा. तिनं डॉक्टरांना विचारून रक्त तपासावं. जुन्या लागणीच्या अँटिबॉडीज निघाल्या, तर टेन्शन खल्लास.