एअर मार्शल की स्काय मार्शल? गल्लत इथे होते
अमेरिकेच्या बातमीत 'विमानात एअर मार्शल होता' असं वाचलं, की पूर्वी मला हवाई दलाचा मोठा साहेबच आठवायचा. साफ चूक! तिथला एअर मार्शल म्हणजे साध्या कपड्यांत प्रवाशांमध्ये बसलेला सशस्त्र रक्षक. आपल्याकडे एअर मार्शल हा हवाई दलातला थ्री-स्टार हुद्दा, लष्करातल्या लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचा. (फाइव्ह-स्टार फक्त अर्जन सिंग यांना मिळाला, २००२ मध्ये.)

विमानातल्या रक्षकाला आपण स्काय मार्शल म्हणतो. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ कंदहारला पळवून नेलं, त्यानंतर एनएसजीच्या कमांडोंना हे काम मिळालं. कोणत्या सीटवर कोण, हे गुप्त असतं. म्हणून 'हाच तो वाटतं' म्हणत कुणाचा फोटो स्टेटसला टाकलात आणि अंदाज बरोबर निघाला, तर अपहरणकर्त्यालाही तो आयता कळतो.