स्प्रिंगबॉक्सपुढचा प्रश्न : आठ नव्हे, सोळा फॉरवर्ड

पॅरिसमधील ८ नोव्हेंबर २०२५ ची रात्र सिया कोलिसीच्या सन्मानाची ठरायची होती. दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा हा कर्णधार फ्रान्सविरुद्ध आपला शंभरावा कसोटी सामना खेळत होता. मात्र मध्यंतराच्या किंचित आधी लॉकच्या जागी खेळणाऱ्या लूड डी यागरला लाल कार्ड मिळाले आणि मध्यंतरानंतर कोलिसी मैदानावर परतलाच नाही. प्रशिक्षक रासी इरॅस्मस यांनी उरलेल्या चौदा खेळाडूंचा हिशेब मांडला आणि कर्णधाराच्या जागी आंद्रे एस्टरहायझेनला पाठवले. मुळात बॅक असलेला हा धिप्पाड खेळाडू फॉरवर्डच्या फळीत जाऊन उभा राहिला. मध्यंतराला पिछाडीवर असलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ अखेर ३२-१७ असा जिंकला.

विजयाच्या जल्लोषात कर्णधाराला बसवण्याच्या त्या निर्णयाची चर्चा मागे पडली. परंतु २०२६ च्या हंगामासाठी फॉरवर्ड निवडताना इरॅस्मस यांना तसाच हिशेब पुन्हा पुन्हा मांडावा लागणार आहे. जुलैमध्ये नव्याने सुरू होणाऱ्या नेशन्स चॅम्पियनशिपमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स हे प्रतिस्पर्धी आहेत. त्यापाठोपाठ न्यूझीलंडविरुद्ध चार कसोटींची मालिका आहे. आणि १ ऑक्टोबर २०२७ रोजी ऑस्ट्रेलियात विश्वचषक सुरू होईल, तेव्हा या संघाचे अनेक आधारस्तंभ पस्तिशीच्या पुढे गेलेले असतील.

आठ जणांची भिंत

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला झालेल्या रग्बी प्रीमियर लीगमुळे आपल्याकडील प्रेक्षकांना या खेळाची थोडीफार ओळख झाली आहे. पण तो सात जणांचा, वेगाचा खेळ होता. त्यात स्क्रममध्ये प्रत्येक बाजूचे तिघेच भिडतात. पंधरा जणांच्या रग्बीत मात्र आठ फॉरवर्ड एकमेकांत गुंफून प्रतिस्पर्ध्यांच्या आठ जणांना रेटतात. या आठ जणांचे एकत्रित वजन नऊशे किलोंच्या घरात असते. पुढच्या रांगेत दोन प्रॉप आणि त्यांच्या मध्ये हुकर, त्यांच्या मागे दोन उंच लॉक आणि शेवटच्या रांगेत दोन फ्लँकर व आठ क्रमांकाचा खेळाडू, अशी ही रचना असते.

यातील प्रत्येक जागेचे काम निराळे आहे. प्रॉपने रेटा सोसायचा, हुकरने स्क्रममधील चेंडू पायाने मागे ओढायचा आणि लाइनआउटला तो अचूक फेकायचा, लॉकने हवेत उडी घेऊन तो झेलायचा, तर फ्लँकरने टॅकल करत मैदानभर धावायचे. म्हणूनच एका जागेवरचा उत्तम खेळाडू दुसऱ्या जागेवर सहज चालत नाही. पुढच्या रांगेत तर तसा प्रयोग करणे धोक्याचेच असते. तिथे अननुभवी खेळाडूची मान मोडू शकते. त्यामुळे आठ राखीव खेळाडूंपैकी किमान तिघे पुढच्या रांगेचे तज्ज्ञ असलेच पाहिजेत, असा नियम आहे.

इरॅस्मस यांनी खेळ बदलला तो उरलेल्या पाच जागांच्या बाबतीत. पूर्वापार प्रथा पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक राखीव ठेवण्याची होती. २०१९ च्या विश्वचषकात त्यांनी सहा फॉरवर्ड राखीव ठेवले. दुसऱ्या सत्रात ताजेतवाने उतरणाऱ्या या फळीला ‘बॉम्ब स्क्वॉड’ हे नाव पडले आणि योकोहामातील अंतिम सामन्यात इंग्लंडचा ३२-१२ असा पाडाव झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये ट्विकनहॅमवर सात फॉरवर्ड राखीव होते. त्या दिवशी न्यूझीलंड ३५-७ असे हरले. त्याच वर्षीच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही सातच फॉरवर्ड राखीव होते.

या पद्धतीचा अर्थ असा, की दक्षिण आफ्रिकेला आठ नव्हे, तर जवळपास सोळा फॉरवर्ड लागतात आणि दुसरे आठही पहिल्या आठांच्याच तोडीचे असावे लागतात. साहजिकच निवडीचा खरा प्रश्न सर्वोत्तम खेळाडू कोण, हा उरत नाही. कोणत्या जागेवरचा दुसरा खेळाडू अद्याप कसाला लागलेला नाही, हा तो प्रश्न आहे.

हुकर : दुखरी नस

याचे उत्तर शोधायचे तर २८ ऑक्टोबर २०२३ च्या अंतिम सामन्याकडे पाहावे लागते. अव्वल हुकर माल्कम मार्क्स गुडघ्याच्या दुखापतीमुळे स्पर्धेच्या सुरुवातीलाच बाद झाला होता. त्याच्या जागी संघात हुकर न घेता हँड्रे पोलार्ड हा फ्लायहाफ घेण्यात आला. अंतिम सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच बाँगी म्बोनाम्बीही जायबंदी झाला. त्यानंतर जवळजवळ संपूर्ण सामना ३७ वर्षांच्या डिऑन फोरीने हुकर म्हणून काढला. कारकिर्दीच्या उत्तरार्धात तो प्रामुख्याने फ्लँकर म्हणून खेळत होता. त्याने जिवाचे रान केले, पण लाइनआउट विस्कळीत झाली ती झालीच. न्यूझीलंडचा संघ चौदा खेळाडूंवर आलेला असूनही दक्षिण आफ्रिकेला १२-११ असा निसटता विजय मिळाला. बाराही गुण पोलार्डच्या पेनल्टी किकचे होते.

तो जुगार यशस्वी झाला, म्हणून तो शहाणपणाचा होता असे ठरत नाही. मार्क्स २०२५ मध्ये जगातील सर्वोत्तम रग्बीपटू ठरला, पण जुलै २०२६ मध्ये तो ३२ वर्षांचा होईल. म्बोनाम्बीने पस्तिशी गाठली आहे. त्यांच्या मागे योहान ग्रोबलार, २०२५ मध्ये पदार्पण केलेला मार्नस व्हॅन डर मर्व आणि यान-हेंड्रिक वेसेल्स हे पर्याय आहेत. यात वेसेल्स हा प्रॉप आणि हुकर अशा दोन्ही जागी खेळू शकतो. सात फॉरवर्ड राखीव ठेवणाऱ्या प्रशिक्षकाला असा दुहेरी उपयोगाचा खेळाडू हवाहवासा वाटणारच. पण लाइनआउटला चेंडू फेकण्याचे कौशल्य दबावाखालीच सिद्ध होते. ते दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध अखेरची वीस मिनिटे खेळून सिद्ध होत नाही.

प्रॉप : स्थित्यंतर झालेले

त्या तुलनेत प्रॉपचे चित्र आशादायक आहे. एकेकाळी स्टीव्हन किट्सऑफ आणि फ्रान्स मालहर्ब यांच्याविना या संघाची कल्पना करता येत नसे. किट्सऑफने मानेच्या दुखापतीनंतर २०२५ च्या प्रारंभी निवृत्ती स्वीकारली. २०१९ आणि २०२३ या दोन्ही अंतिम सामन्यांत सुरुवातीपासून खेळलेला मालहर्बही २०२५ मध्ये दुखापतीमुळे कसोटी रग्बीपासून दूर राहिला. तरीही स्क्रम कोसळला नाही. ऑक्स न्चे, थॉमस डू टॉय, विल्को लोव, बोअन व्हेंटर यांनी तो पेलला. नोव्हेंबर २०२५ मध्ये डब्लिनला आयर्लंडविरुद्ध तर दक्षिण आफ्रिकेच्या स्क्रमपुढे यजमानांच्या दोन प्रॉपना पिवळी कार्डे मिळाली आणि सामना २४-१३ असा खिशात आला.

त्याच महिन्यात वेम्बलीवर जपानविरुद्ध झॅकरी पोर्थेनने पदार्पण केले. ज्युनियर संघाचा हा माजी कर्णधार विशीच्या उंबरठ्यावरचा आहे. प्रॉप परिपक्व होतो तो साधारणपणे पंचविशीनंतर. त्यामुळे पोर्थेनला आताच मोठ्या सामन्यांची सवय लावणे ही दूरदृष्टी ठरेल.

लॉक : उंची भरपूर, भरवसा कमी

लॉकच्या जागेवर नावांची वानवा कधीच नव्हती. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये अवघ्या तीन आठवड्यांत या संघाच्या तीन लॉकना लाल कार्ड मिळाले. पॅरिसमध्ये डी यागर, तुरिनमध्ये इटलीविरुद्ध फ्रँको मोस्टर्ट आणि कार्डिफला वेल्सविरुद्ध एबेन एट्झेबेथ. मोस्टर्टचे कार्ड नंतर शिस्तपालन समितीने रद्द ठरवले. एट्झेबेथला मात्र प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्याला इजा केल्याबद्दल बारा सामन्यांची बंदी झाली. तिन्ही सामने दक्षिण आफ्रिकेने जिंकले, हे खरे. परंतु जिंकण्याच्या सवयीमागे बेशिस्त लपू देऊ नये.

एट्झेबेथ हा देशाकडून सर्वाधिक कसोटी खेळलेला रग्बीपटू आहे. विश्वचषक सुरू होईल तेव्हा तो ३५ वर्षांचा असेल आणि स्पर्धा संपण्यापूर्वी ३६ वर्षांचा होईल. मोस्टर्ट तेव्हा ३६ वर्षांचा असेल, तर डी यागर ३४. दोन मीटरहून उंच असलेला आरजी स्नायमन तुलनेने तरुण, पण दुखापतींनी त्याची कारकीर्द वारंवार खंडित केली आहे. या स्थितीत रुआन नॉर्किया आणि सलमान मूराट यांची नावे पुढे येतात. दोघेही १९९८ मध्ये जन्मलेले. नॉर्कियाकडे लाइनआउट चालवण्याची हातोटी आहे, तर मूराटने २०२४ मध्ये पोर्तुगालविरुद्ध देशाचे नेतृत्वही केले आहे. एट्झेबेथच्या मागे रांगेत उभे राहण्याचा या दोघांचा काळ आता संपायला हवा.

कर्णधाराचा पेच

सर्वात अवघड निर्णय शेवटच्या रांगेचा आहे. पीटर-स्टेफ डू टॉय २०१९ आणि २०२४ अशा दोन वर्षी जगातील सर्वोत्तम रग्बीपटू ठरला. २०२३ च्या अंतिम सामन्यात त्याने २८ टॅकल केले होते. विश्वचषकाच्या वेळी तो ३५ वर्षांचा असेल आणि कोलिसी ३६. क्वागा स्मिथ आणि जॅस्पर वीसे यांच्या पाठीमागे कॅमेरॉन हानेकॉम, एल्रिग लोव, इव्हान रूस, बेन-जेसन डिक्सन अशी तरुणांची फळी तयार आहे. हानेकॉमचा वेग आणि बलदंडपणा पाहता आठ क्रमांकाची जागा त्याच्याकडे जाणे स्वाभाविक ठरेल.

कोलिसीचा प्रश्न केवळ क्रीडाविषयक नाही. ज्या संघाची जर्सी वर्णभेदाच्या काळात बहुसंख्य कृष्णवर्णीयांना परकी वाटत असे, त्या संघाचा २०१८ मध्ये तो पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाला आणि सलग दोन विश्वचषक त्याच्या हाती आले. झ्विडे वस्तीतील गरिबीतून आलेल्या मुलाने ते करून दाखवले. त्याला वगळणे म्हणजे एका फ्लँकरला वगळणे नव्हे, हे इरॅस्मस यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल. तरीही पॅरिसमध्ये त्यांनी त्याला मध्यंतरालाच बसवले आणि कोलिसीनेही ते निमूटपणे मान्य केले. कर्णधाराने ऐंशी मिनिटे खेळलेच पाहिजे, हा संकेत त्या रात्री मोडला गेला. तोडगाही बहुधा तिथेच आहे. कोलिसीने नेतृत्व करावे, पण मिनिटे वाटून घ्यावीत.

अनुभवाचे पारडे

अनुभवाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवादही कमकुवत नाही. २०२३ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने प्रत्येकी एका गुणाने जिंकले. अशा क्षणी डोके शांत ठेवणारे खेळाडू शिबिरात घडवता येत नाहीत. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात अखेरच्या मिनिटांत स्क्रममधून मिळालेली पेनल्टी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

पण याच उदाहरणात प्रतिवादही दडलेला आहे. तो स्क्रम गाजवणारा न्चे त्या दिवशी राखीव खेळाडू म्हणून उतरला होता. त्याला मोठ्या सामन्यात संधी दिली गेली, म्हणूनच तो त्या क्षणासाठी तयार होता. सोप्या सामन्यात नवे आणि कठीण सामन्यात जुने, ही वाटणी सुरक्षित वाटते. मात्र तिच्यातून कोण कसोटीला उतरेल, याचा उलगडा कधीच होत नाही.

न्यूझीलंडविरुद्धच्या चार कसोटी ही त्यासाठीची शेवटची मोठी संधी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वेलिंग्टनला ४३-१० असा इतिहासातील सर्वात मोठा पराभव पत्करलेला तो संघ परतफेडीच्या ईर्ष्येने येईल. या मालिकेत एका तरी कसोटीत नॉर्कियाने लाइनआउट सांभाळावी, हानेकॉमने सुरुवातीपासून खेळावे आणि मार्क्सविना एखाद्या तरुण हुकरने चेंडू फेकावा. त्यात एखादा सामना गमवावा लागला, तर स्टेडियममध्ये नाराजी उमटेल, इरॅस्मस यांच्यावर टीकाही होईल. ती किंमत २०२६ मध्ये मोजता येण्याजोगी आहे. २०२७ च्या अंतिम सामन्यात पहिल्याच मिनिटांत हुकर जायबंदी झाला आणि राखीव बाकावर पुन्हा एखाद्या फ्लँकरलाच हाक मारावी लागली, तर प्रत्येक वेळी एक गुण मदतीला धावून येईलच असे नाही.